खालून काया

मी पंडित पेंटर. पिंप्राळ्यात माझं दुकान आहे, म्हणजे एका पत्र्याच्या शेडचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा आधार मिस्तरीचा. मी गाड्यांवर नावं लिहितो, आधार गाड्यांची बुडं बदलतो. तेरा वर्षं आम्ही एका छपराखाली आहोत, आणि या तेरा वर्षांत आधारचं काम बघायला एकही गिऱ्हाईक गाडीखाली वाकलेलं मी पाहिलं नाही. माझं काम मात्र लोक दहा पावलं मागे सरकून, मान तिरकी करून बघतात आणि वेलांटी जरा मोठी पाहिजे होती असं सांगून जातात.

आधारचं नाव आधार आहे यात त्याचा काही दोष नाही. आईबापाने ते ठेवलं तेव्हा सरकारने अजून कार्ड काढलं नव्हतं. आता मात्र कुठल्याही खिडकीपुढे तो उभा राहिला की ठरलेला तमाशा होतो. बाबू विचारतो, "नाव?" हा म्हणतो, "आधार." बाबू म्हणतो, "ते नंतर, आधी नाव सांगा." एकदा त्याची बायको केसरबाई सोबत होती. साहेबाने तिला तिचं आधार दाखवायला सांगितलं, तर तिने नवऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "हाऊ काय, उभा शे ना!" त्या दिवशी त्यांचं काम झालं नाही, पण मागची सगळी रांग हसून हसून बेजार झाली.

तो मूळचा धुळ्याकडचा. जळगावात येऊन वीस-बावीस वर्षं झाली तरी 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा' म्हणणं त्याचं सुटलेलं नाही, आणि सोडायची त्याला गरजही वाटत नाही. अंगाने वाळकुडा, वेल्डिंगचा काळा चष्मा कायम कपाळावर सरकवलेला, आणि पायांत भर उन्हाळ्यातही बूट. जळगावच्या उन्हाळ्यात दिवसभर बूट घालणारा माणूस एकतर पोलीस असतो नाहीतर आधार. डावा बूट चालताना जरा फरफटतो, कारण त्यात पुढे चिंधी कोंबलेली असते. डाव्या पायाची दोन बोटं त्याला नाहीत.

ती बोटं साक्री रस्त्याला गेली. तेव्हा तो सुतारकाम करायचा. एका काळ्यापिवळ्या जीपमध्ये अकरा माणसांत बारावा होऊन बसला होता. जीपमध्ये नवंकोरं रबरी मॅट अंथरलेलं. मॅटखाली पत्रा असतो अशी आपल्या सगळ्यांची समजूत असते, तशी त्याचीही होती. गतिरोधकावर जीप आदळली आणि आधारचा पाय मॅटसकट खाली गेला. यापुढचं तो सांगत नाही. जीपवाला दवाखान्यात भेटायला आला आणि म्हणाला, "मॅट तं मागला महिनामाच टाकेल व्हतं!" हे वाक्य मात्र आधार वर्षातून चार वेळा तरी सांगतो आणि दर वेळी हसतो. बरा झाल्यावर त्याने रंधा ठेवून दिला आणि धुळ्याच्या पारोळा रोडवर एका मिस्तरीकडे पत्र्याचं काम शिकायला गेला.

त्याचं काम तसं सांगायला सोपं आहे. सीटा काढायच्या, मॅट काढायचं, हातोडीने खालचा पत्रा ठोकत जायचं. चांगला पत्रा टणटण बोलतो, सडलेला भदभद करतो. जिथे भदभद संपते तिथपर्यंत कापून काढायचं, पुठ्ठ्याचं माप घ्यायचं, नवा पत्रा त्या मापाने कापून, ठोकून, वळवून बसवायचा. मग टाके. वेल्डिंगचे टाके थोडे इकडे, थोडे तिकडे घालायचे, एका दमात शिवण घातली की पत्रा तापून पापडासारखा फुगतो. हे सगळं करून झालं की त्यावर मॅट पडतं आणि आधारचं काम जगाच्या दृष्टीने संपतं.

पण त्याचे दोन नियम आहेत, आणि त्या नियमांपायी निम्मी गिऱ्हाइकं पळाली आहेत. पहिला नियम, गाडी घेऊन जाण्याआधी मालकाने चप्पल काढायची, मॅट बाजूला करून नव्या पत्र्यावर उघडा पाय टेकायचा आणि अंगाचा भार टाकायचा. "आठे पाय टेकी देखा," म्हणजे इथे पाय टेकवून बघा, असं म्हटल्याशिवाय तो चावी देत नाही. वकील असो, डॉक्टर असो, पाय टेकावाच लागतो. दुसरा नियम, कापून काढलेला सडका पत्रा गोणीत भरून मालकाला परत. तो म्हणतो, तुमची वस्तू तुमच्या घरी. लोकांना ती गोणी नकोशी होते. पुढच्या वळणावरच्या उकिरड्यात अशा तीन-चार गोण्या तरी मी पाहिल्या आहेत.

शिवाय त्याला गंज वाचता येतो. हा गुण म्हणावा की खोड, मला अजून ठरवता आलेलं नाही. पाचोऱ्याचा एक कापसाचा व्यापारी होता, गळ्यात तुळशीची माळ, सोबत पत्नी. मागच्या सीटखालचा पत्रा गेला होता. आधारने वाकून बघितलं. गंज अगदी चौकोनी, चारी बाजू आखल्यासारख्या. त्याने सरळ विचारलं, "शेठ, आठे बरफना डबा ठेवतस का तुम्ही?" शेठचा चेहरा पडला. शेठाणीने शेठकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तुमचं रोज रात्रीचं भजनी मंडळ गाडीतच भरतं का?" गाडी नीट झाली, पण शेठ पुन्हा कधी आले नाहीत.

आता भाईदास नानांकडे येतो, कारण ही गोष्ट खरी त्यांच्या गाडीची आहे.

भाईदास नाना रावेर तालुक्यातले मोठे केळीवाले. गाव सातपुड्याच्या पायथ्याला. नाना कुठल्याही पदावर नाहीत, पण गावातल्या प्रत्येक बोर्डावर आहेत. मी स्वतः त्यांचे एकोणीस बोर्ड रंगवले आहेत. कुठे 'संकल्पक', कुठे 'प्रेरणास्थान', एका पाणपोईवर तर 'शिल्पकार'. सहा वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडून आठ बाय चार फुटांचा बोर्ड करून घेतला होता: 'नियोजित मुलींची अभ्यासिका. संकल्पक व प्रेरणास्थान, श्री. भाईदास नाना.' मी तेव्हाच म्हणालो होतो, नाना, याचा अर्थ मुली नियोजित आहेत असा होतो, नियोजित अभ्यासिका आहे, 'मुलींची नियोजित अभ्यासिका' करू. नाना म्हणाले, "राहू दे बाप्पा, लोकाईले समजते." पत्र्याच्या बाबतीत मात्र त्यांनी काही राहू दिलं नाही. अठरा गेजचाच पत्रा पाहिजे, वारा आला, पाऊस आला, नाव हललं नाही पाहिजे. असा जाड पत्रा मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच बोर्डाला वापरलेला नाही. अभ्यासिका झाली नाही. त्या जागेवर आता केळीचे क्रेट रचलेले असतात. पण बोर्ड जसाच्या तसा होता.

तर या नानांनी आपली अठरा वर्षांची, नऊ जणांची पांढरी गाडी गावातल्या पोरींना द्यायचं ठरवलं. गावातल्या चौदा पोरी रावेरच्या शाळेत जातात आणि एसटी आपल्या मनाने येते. विचार खरोखर चांगला होता, मी नाही म्हणत नाही, नवाच्या जागी चौदा पोरी दाटीवाटीने मावतात. नानांनी नवी मोठी गाडी घेतली होती आणि जुनीला कोणी भाव देत नव्हतं हेही खरं होतं, पण दान म्हटल्यावर असं खोदून विचारू नये. सोमवारी गाडी आमच्या शेडपुढे येऊन उभी राहिली, आणि टपावर दोरीने बांधून तो आठ बाय चारचा बोर्ड. जुनी अक्षरं खरवडून त्याच पत्र्यावर नवा मजकूर लिहायचा होता, कारण "फ्लेक्स फाटते, नाव टिकलं पायजे." गाडीच्या दोन्ही अंगांनाही मजकूर होता: 'कै. पुना बाबा यांच्या स्मरणार्थ भाईदास नाना यांच्यातर्फे लेकींना सप्रेम भेट.' मापं नानांनीच लिहून पाठवली होती. कै. वडिलांना चार इंच, नानांना सात.

आधारने सीटा काढल्या, मॅट उचललं. खाली पांढरट खपल्या आणि त्याखाली लाल भुगा. "हाऊ पोटॅशना गंज शे," तो म्हणाला. बरोबर होतं. अठरा वर्षं त्या गाडीतून केळीला घालायच्या पोटॅशच्या गोण्या वाहिल्या होत्या. खत पिकाला पोसतं, पत्र्याला खातं. गाडी बनवणाऱ्यांनी चांगलीच बनवली होती, त्यांनी बिचाऱ्यांनी माणसं बसतील असं धरलं होतं. आधारने पेचकस टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. मधल्या सीटपुढे तर भाकरीएवढं भोक पडलेलं होतं. त्यातून खालची जमीन दिसत होती, आणि सकाळपासून शोधत होतो तो माझा अर्ध्या इंचाचा ब्रश तिथे पडलेला मला दिसला.

आता एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे कामाला येईल. रावेरकडच्या बोलीत 'ळ' टिकत नाही, त्याचा 'य' होतो. केळीची केयी होते, शाळेची शाया, सकाळची सकाय, आणि काळा रंग असेल तर तो काया. आधारच्या अहिराणीतही हेच चालतं. त्यामुळे नाना काय म्हणाले हे कळायला आधारला दुभाषा लागत नव्हता.

आधारने नानांना फोन लावला. हात काळे होते म्हणून फोन मी धरला होता, तेव्हा शब्दन् शब्द मी ऐकलाय.

"नाना, बूड बठ्ठं सडेल शे. पत्रा बदलना पडी. आठ दिन लागतीन."

"आठ दिवस? शनवारी सकायी कार्यक्रम हाये बाप्पा! पाहुने येनार, पेपरवाले येनार."

"मंग मी जोर करस. पन पत्रा तं लागीच."

"अरे, वरून चकचकीत कर. सीटकव्हर नवे पाठवले, मॅट नवं पाठवलं. आन खालून काया करून टाक. कोन वाकून पायते?"

"पोरी बसतीन, नाना."

"बसतीनच ना? पोरी काय नाचनार हायेत का गाडीत? शनवारी गाडी पायजे म्हंजे पायजे. खालून काया करून टाक." आणि फोन बंद.

म्हणजे भोकांवर जाळी चिकटवायची, वरून डांबरासारखा काळा रंग फासायचा आणि त्यावर नवं मॅट. अर्ध्या दिवसाचं काम. जळगावात ते करून देणारे पन्नास जण आहेत. आधारने फोनकडे बघितलं, मग गाडीकडे, मग तो पोत्यावर जाऊन बसला आणि मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्याने त्या गाडीला हात लावला नाही. मी त्याला म्हणालो, तू मालक नाहीस, मिस्तरी आहेस, सांगितलं तेवढं कर. तो पोत्याचे धागे उपसत राहिला. मला अशा माणसांचा राग येतो. भांडले तर भांडता येतं, गप्प बसले की आपल्यालाच आपलं बोलणं ऐकू यायला लागतं.

बुधवारी दुपारी जेवायच्या सुट्टीत तो माझ्या बाजूला आला आणि भिंतीला टेकवलेल्या बोर्डावर बोटाच्या पेराने ठकठक केली. मंदिराच्या घंटेसारखा आवाज आला.

"पंडितभाऊ, हाऊ पत्रा कितला गेजना शे?"

तो कुठे चाललाय ते मला लगेच कळलं, नव्या पत्र्याला नाना पैसे देणार नव्हते आणि हा जाड पत्रा समोर फुकट उभा होता. "तो नानांचा बोर्ड आहे, आधार."

"तेच सांगस. बोर्डबी नानाना, गाडीबी नानानी."

"आणि शनिवारी मी कशावर लिहू? माझ्या पाठीवर?"

मी बरंच बोललो. नानांचे एकोणीस बोर्ड मी केलेत, विसावा दुसऱ्याकडे जाईल, फ्लेक्सवाल्यांनी आधीच माझं निम्मं काम खाल्लंय, आणि तू तुझ्या तत्त्वापायी माझ्या पोटावर पाय देतोस. हे सगळं बोललो.  आधार डबा घेऊन बसला, डावा बूट काढला आणि आतली चिंधी काढून उन्हात टाकली. तेरा वर्षांत मी त्याचा तो पाय कधी पाहिला नव्हता. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी होती.

"पाय गया ना भाऊ," भाकरी मोडत तो म्हणाला, "तवय पहिले दुखनं नई. पहिले वाटनं, जमीन कठे गयी?"

मला त्याचा भयंकर राग आला. माझं जेवण त्याने नासवलं होतं. चौदा पोरी माझ्या डोळ्यांपुढे त्या भोकाभोवती पाय आखडून बसल्या, आणि गाडी गतिरोधकावरून उडाली. मी उठलो, बोर्ड उचलून त्याच्या बाजूला नेऊन आदळला आणि म्हणालो, "घे. आणि नाना विचारतील तेव्हा बोलायचं तू."

आठ दिवसांचं काम दोन दिवसांत उरकायला गुरुवार-शुक्रवार, रात्रीसुद्धा, आधारने गाडीवरून मान वर केली नाही. केसरबाई डबा घेऊन यायची, तो तसाच राहायचा. डिझेलची टाकी ओल्या पोत्यांनी झाकून त्याने सगळा सडका पत्रा कापून काढला. मग बोर्डावर पुठ्ठ्याची मापं मांडली. माझीच अक्षरं, सहा वर्षांपूर्वीची, त्याच्या कात्रीखाली जाताना मी बघत होतो. 'नियोजित मुलींची' मधल्या सीटपुढे गेलं. 'अभ्यासिका' मागे. 'प्रेरणास्थान' मधल्या दाराशी, जिथे चढताना पाय पडतो तिथे. काठाचा रंग त्याने घासून काढला, वेल्ड धरायला, बाकी रंग ठेवला. तुझा रंग चांगला शे, त्याच्यावर गंज चढायचा नाही, म्हणाला. तेरा वर्षांत त्याने माझ्या कामाला चांगलं म्हटल्याची ती एकच वेळ.

'श्री. भाईदास नाना' असं लिहिलेला तुकडा हातात आला तेव्हा तो थांबला. "मानूसना नाव पायखाले नको," तो म्हणाला. माणसाचं नाव पायाखाली येऊ नये, एवढं त्याला वाटत होतं. तो तुकडा त्याने उलटा लावला, नाव खाली रस्त्याकडे. आणि शेवटी नानांचा हुकूम होताच, म्हणून सगळं बूड खालून काळ्या रंगाने जाड माखलं. त्या काळ्याखाली नानांचं नावही गेलं. नानांच्या नावाला नानांच्याच सांगण्यावरून काळं फासलं गेलं हे आधारच्या डोक्यातही नव्हतं. माझ्या होतं. मी पोटभर हसून घेतलं, कारण शनिवारी हसता येईल याची खात्री नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी मी फ्लेक्सवाल्याची पायरी चढलो. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि इतका गोड हसला की तो चहा मला गेला नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन गावात पोचलो. मांडव पडला होता, पाहुणे खुर्च्यांवर, चौदा पोरी गणवेशात रांगेत, त्यांच्या पुढे शाळेच्या चारुलता मॅडम. नाना पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले, फ्लेक्स बघितला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पत्रा कुठी गेला माहा?" मी आधारकडे बोट केलं.

आधार म्हणाला, "गाडीमा शे, नाना."

नानांना वाटलं मागे टाकून आणलाय. तेवढ्यात मोठे पाहुणे आले आणि नाना हात जोडून तिकडे धावले. भाषणं झाली. नाना पंचवीस मिनिटं बोलले, त्यात कै. पुना बाबा दोनदा आले. मग चावी द्यायची वेळ झाली आणि आधार गाडीच्या मधल्या दाराशी चावी मुठीत धरून उभा.

"नाना, चप्पल काढा. आठे पाय टेकी देखा."

नानांना वाटलं, असेल मिस्तरी लोकांत काही रिवाज, नारळ फोडतात तसा. सगळे फोन वर झाले होते. नानांनी मोठ्या ऐटीत चप्पल काढली. आधारने नवं लाल मॅट गुंडाळून बाजूला केलं, कारण नियम म्हणजे नियम, आणि एकशे दहा किलोचे नाना उघडा पाय टेकवून गाडीत चढून उभे राहिले. पत्र्याने हूं की चूं केलं नाही. टाळ्या पडल्या.

आणि आठवीतली डिंपल, जिला दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड आहे, तिने वाचलं, "प्रे-र-णा-स्था-न."

टाळ्या थांबल्या. डिंपलने वाकून आत बघितलं. "नियोजित मुलींची... मॅडम, पुढचं सीटखाली गेलंय."

"अभ्यासिका," मागून कोणीतरी म्हणालं. गावात कोणी विसरलं नव्हतं. चारुलता मॅडमनी पदर तोंडाला लावला. नाना स्वतःच्या पायाकडे बघत होते. मला वाटलं, झालं, पंडित पेंटरचं दुकान संपलं.

नानांनी सावकाश आधारकडे बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मी तुले काय सांगतलं होतं?"

"तुम्ही फोनवर म्हनात, खालतून काया करी टाक," आधार तोंडावरची रेषही न हलवता म्हणाला. "मी बठ्ठी काया करी टाकी. नवी."

काया म्हणजे शरीर हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. काया म्हणजे काळा हे त्या गावात पोरासोरांनाही माहीत होतं, पण फोनवर यातला कुठला काया होता हे नाना, आधार आणि मी असे तिघंच जाणत होतो, आणि नानांना ते चारचौघांत सांगता येत नव्हतं. काळा का मारायला सांगितला होता, हा पुढचा प्रश्न आला असता. पण नाना एकोणीस बोर्डांचे धनी उगाच नाहीत. दोन श्वासांत त्यांनी माईक मागून घेतला. "लोकहो! लोक विचारत होते, नानाची अभ्यासिका कुठी हाये? ही पाहा! चालती-फिरती अभ्यासिका! पोरी जाता-येता अभ्यास करतीन!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी तर उठून हात मिळवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस आधारने कंबर मोडली होती आणि तिथेही पुन्हा नानाच संकल्पक.

पोरी गाडीत चढायला लागल्या. रांगेत नसलेली एक पोर धावत आली आणि चढली. नानांची नात ऋतिका. तीही त्याच शाळेत, पण ती नानांच्या नव्या गाडीतून जायची, ड्रायव्हर सोडायचा. नाना म्हणाले, "तू कुठी? तुही गाडी तिकडे हाये." ती म्हणाली, "मी मैत्रिणींसोबतच जाणार आबा, रोज," आणि मधल्या सीटवर, डिंपलला ढकलून, बरोब्बर मधोमध बसली. दोन्ही पाय पुढे ठेवले. 'नियोजित'वर.

त्याच वेळी आधार आपला दुसरा नियम पाळत होता. त्याने गोणी आणून नानांपुढे ठेवली. "तुमनी वस्तू, नाना."

नानांनी गोणीत हात घातला. हाताला लागला तो तुकडा बाहेर काढला. मधल्या सीटपुढचा होता, भाकरीएवढ्या भोकाचा. काठ त्यांच्या बोटांत भुगा होऊन पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. नानांनी त्या भोकातून बघितलं. मग गाडीत बघितलं, ऋतिकाचे पाय कुठे आहेत ते. मग पुन्हा भोकातून. माईक त्यांच्या दुसऱ्या हातात चालूच होता आणि त्यातून त्यांचा श्वास सगळ्या मांडवाला ऐकू येत होता.  गाडी सुरू झाली, पोरी ओरडल्या, धूळ उडवत वळणाआड गेली, तरी नाना तो तुकडा धरून उभेच होते. मला त्यांचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, आधी जरा बरंही वाटलं, मग वाईट वाटलं.

आम्ही निघालो तेव्हा नाना फाटकापर्यंत आले. गोणी त्यांनी स्वतः उचलून घरात नेली होती. उकिरड्यात न गेलेली ती पहिलीच गोणी असावी. ते आधारकडे बघत मला म्हणाले, "पंडित, गाडीवर खाली बारीक लिह्य. पत्राकाम, आधार मिस्तरी. चांगलं चार इंची लिह्य." नानांच्या हिशेबात चार इंच म्हणजे बापाचा मान.

रावेरहून परत येताना एसटीत मी आधारला म्हणालो, मंगळवारी गाडी मागवून घेतो, तुझं नाव मी फुकट लिहीन, पिवळ्यात, काळी सावली टाकून. तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणाचं तरी नाव मला मनापासून लिहावंसं वाटत होतं.

आधारने बूट काढून चिंधी नीट बसवली, पुन्हा घातला, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नको भाऊ. वर लिखेल बठ्ठा नावं एक दिन मना कात्रीखालेच येतस."

मग त्याने बसल्या जागेवरून डावी टाच एसटीच्या पत्र्यावर दोनदा आपटून पाहिली आणि डोळे मिटले.